हायस्कुलात क्विझचा संघ उभा करायचा तर

आंतरशालेय क्विझचं पत्रक शाळेत येतं, वर्गशिक्षक पहिल्या-दुसऱ्या नंबराच्या मुलांची नावं देऊन मोकळे होतात आणि पुढचे आठ दिवस ती दोन मुलं सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक घोकत बसतात. लेखी फेरीतच गाडी अडते. मग 'आपल्या मुलांचं वाचनच कमी' असा शेरा मारून विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. वाचन कमी असेलही. पण हरण्यामागे बहुधा दुसरंच काहीतरी असतं. दोघांना साधारण तेच येतं आणि तेच येत नाही. शिवाय जे येतं तेही वेळेवर तोंडातून बाहेर पडत नाही. संघ बांधणं म्हणजे या दोन गोष्टींवर वर्षभर काम करणं.

इथली पद्धत महाराष्ट्रातल्या मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. एक शिक्षक, एक फळा आणि आठवड्याचा सव्वा तास एवढ्यावर ती चालते.

कधी आणि कोणत्या वर्गातून

जून प्रवेशात आणि पुस्तकवाटपात जातो. जुलैचा पहिला-दुसरा आठवडा धरा आणि पहिल्या घटक चाचणीआधी निवड उरकून टाका. संघाचा कणा आठवी-नववीचा ठेवायचा. दहावीची मुलं हुशार असतात, तयारही असतात, पण दिवाळीनंतर सराव परीक्षा सुरू झाल्या की पालक त्यांना सोडत नाहीत, आणि त्यात पालकांचं चुकतंही नाही. दहावीच्या भरवशावर राहिलात तर डिसेंबर-जानेवारीच्या स्पर्धेला हातात कोणीच नसतं. आठवीतल्या काही मुलांची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा डिसेंबरच्या सुमाराला असते. तो पंधरवडा त्यांना मोकळा द्या.

मुख्याध्यापकांकडून वार, वेळ आणि खोली लेखी घ्या. तोंडी 'करा हो' हे पहिल्या स्नेहसंमेलनाच्या तालमीपर्यंतच टिकतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरची वेळ सोयीची वाटते, पण आधी मुलांना विचारा की घरी कशाने जाता. आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुलींची ठरलेली एसटी चुकली की पुढची दोन तासांनी असते. पहिल्या शनिवारी त्या थांबतात, तिसऱ्या शनिवारपासून येईनाशा होतात, आणि संघात फक्त गावातले मुलगे उरतात. असं होणार असेल तर मधल्या वारी शेवटचा तास मागून घ्या. खेळाचा तास मात्र मागू नका. पीटीचे सर तर रागावतीलच, पण मुलंही रागावतील.

निवड चाचणी

सूचना सगळ्या तुकड्यांत वाचून दाखवा, नुसती फलकावर लावू नका. मागच्या बाकावरचा, गणितात काठावर पास होणारा, पण क्रिकेटची आकडेवारी आणि जगातल्या सगळ्या राजधान्या तोंडपाठ असलेला मुलगा फलक वाचत नाही.

चाळीस प्रश्न, पस्तीस मिनिटं, पर्याय द्यायचे नाहीत. चार पर्याय दिले की नुसत्या अंदाजाने सरासरी दहा गुण पदरात पडतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. विज्ञान ८, इतिहास ६, भूगोल ६, चालू घडामोडी ६, भाषा-साहित्य ५, कला-संगीत-सिनेमा ५, खेळ ४ अशी वाटणी ठीक पडते. प्रश्न विषयवार न लावता मिसळून द्या, शुद्धलेखनाचे गुण कापू नका आणि नाव ओळखू येईल इतपत लिहिलं असेल तर ग्राह्य धरा.

आता खरं काम. एकूण गुणांवरून क्रम लावून वरचे चार उचलू नका. आलेख कागदावर उभे चाळीस प्रश्न आणि आडवी मुलांची नावं घेऊन बरोबर उत्तराची चौकट रंगवा. समजा, 'अ'ला २७ आणि 'ब'ला २६ मिळाले. पण दोघंही विज्ञान-खेळवाले असल्याने त्यांची २३ उत्तरं सारखीच आहेत. म्हणजे जोडीला मिळून ३० प्रश्न येतात. 'क'ला १९च मिळाले, पण साहित्य आणि कला तिचं अंगण आहे आणि 'अ'शी तिची फक्त ११ उत्तरं जुळतात. 'अ' आणि 'क' मिळून ३५! सातव्या-आठव्या क्रमांकावरची मुलगी पहिल्या जोडीत जाते ती अशी. हा कागद पालकांना दाखवायलाही जपून ठेवा, कारण 'ब'ची आई विचारायला येणारच.

बारा मुलं घ्या आणि त्यांच्या सहा जोड्या करा. कुठे संघ दोघांचा असतो, कुठे तिघांचा, कुठे चौघांचा. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सरकारी आणि महापालिका शाळांतल्या आठवी ते दहावीसाठी आर्थिक साक्षरतेची देशभर प्रश्नमंजूषा घेतली तीही जोड्यांचीच होती. जोडी पक्की असली की दोन जोड्या मिळून चौघांचा संघ होतो. उलट दिशेने, चौघांतून दोघं काढायला गेलं की रुसवेफुगवे. जोड्या दर सत्राला एकदाच बदला.

प्रश्न कसे जमवायचे आणि तपासायचे

तयार प्रश्नसंच आणि मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफ यांच्यावर विसंबू नका. त्यात शिळी उत्तरं ठासून भरलेली असतात. पालघर वेगळा होऊन १ ऑगस्ट २०१४ला महाराष्ट्राचे ३६ जिल्हे झाले, तरी ३५ छापणारी पुस्तकं अजून सापडतात. अभिजात भाषा सहा होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसह पाच भाषांची भर पडून अकरा झाल्या. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला, त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे. 'बाराही किल्ले महाराष्ट्रातले' असं लिहिलेलं दिसलं तर तो संच बाजूला ठेवा. एखाद्या ग्रहाचे चंद्र किती, असे प्रश्न तर घ्यायचेच नाहीत. गुरू-शनीच्या चंद्रांची संख्या सारखी वाढत असते.

प्रत्येक मुलाने आठवड्याला पाच प्रश्न करून आणायचे. पाठकोऱ्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा. पुढच्या बाजूला प्रश्न. मागे उत्तर, चालतील अशी पर्यायी उत्तरं, माहिती कुठून घेतली ते आणि तपासल्याची तारीख. साठ कार्डांतली वीस-पंचवीस कामाची निघाली तरी पुष्कळ झालं. स्रोत म्हणून बालभारतीची पाठ्यपुस्तकं (आपल्या इयत्तेच्या वरच्या-खालच्या वर्गांचीसुद्धा), मराठी विश्वकोश, रोजचं वर्तमानपत्र आणि 'किशोर'चे जुने अंक. विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि शाळेच्या ग्रंथालयात त्याचे खंड असतील तर कपाटाची किल्ली आधी मिळवा.

प्रश्न नेमका असावा म्हणजे काय, ते एका नेहमीच्या प्रश्नावर पाहा. 'भारतातली पहिली रेल्वे कधी धावली?' उत्तर म्हणून सगळे १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, असं सांगतात. पण ती पहिली प्रवासी रेल्वे. मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहण्यासाठी १८३७ मध्येच रूळ टाकले होते आणि रुडकीजवळ कालव्याच्या बांधकामावर १८५१ मध्ये इंजिन चाललं होतं. स्पर्धेत एखाद्या संघाने 'मद्रास' म्हटलं तर तुम्ही त्याला चूक कसं ठरवणार? 'प्रवासी' हा एक शब्द घातला की भांडण मिटतं. 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' असे शब्द दिसले की कार्ड दोनदा तपासायचं, एवढा नियम मुलांना लावून द्या.

मग येतो प्रश्नाचा बांधा. चांगला प्रश्न अवघड धाग्यापासून सोप्याकडे सरकतो. उदाहरणार्थ: 'सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये याची नोंद केली. याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे. २०२० मध्ये ते गुलाबी झालं आणि त्याच वर्षी याला रामसर दर्जा मिळाला. बसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं, बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर कोणतं?' अलेक्झांडर कोणालाच माहीत नसतो. खाऱ्या पाण्यावर एखाद्याचे कान टवकारतात. गुलाबी म्हटलं की दोघंतिघं हलतात, आणि बुलढाण्यापाशी सगळेच 'लोणार' म्हणतात. कोण कुठल्या धाग्यावर हलला हे तुम्ही समोर उभे राहून पाहू शकता. 'लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे?' या प्रश्नातून हे काहीच कळलं नसतं.

सरावाचा सव्वा तास

पहिली दहा मिनिटं आठवड्याच्या बातम्या, त्याही मुलांनीच सांगायच्या. मग पंचवीस मिनिटं लेखी फेरी, पंचवीस मिनिटं तोंडी, आणि शेवटची पंधरा चुकांच्या वहीला. वेळ कमी पडला तर बातम्या कापा, वहीला हात लावू नका.

चुकांच्या वहीत तीन रकाने असतात. 'माहीतच नव्हतं', 'माहीत होतं पण चुकीचं बोललो', आणि 'जोडीतल्या एकाला माहीत होतं पण बाहेर आलं नाही'. पहिले काही आठवडे तिसरा रकाना बघता बघता भरतो. एक जण कुजबुजतो, दुसरा 'श्शी, ते नसेल' म्हणतो, आणि तेच उत्तर असतं. यावर उपाय म्हणून साधा नियम ठेवा: डोक्यात येईल ते जोडीदाराच्या कानावर घालायचंच, कितीही वेडगळ वाटलं तरी; आणि जोडीदाराने 'नाही' म्हणताना कारण सांगायचं. कारण नसेल तर 'नाही' म्हणायचं नाही.

हे चालतं कसं? प्रश्न असा: '१९८३ साली भारतातली पहिली चार स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. दोन एकाच शहरात, उरलेली दोन महाराष्ट्रातल्या एकाच जिल्ह्यात. चारही सांगा.' एक म्हणते, 'एक तर ताजमहाल असणारच.' दुसरा म्हणतो, 'मग शहर आग्रा, तिथला किल्ला.' 'महाराष्ट्रात लेणी असतील. घारापुरी?' 'ती रायगडात, एकटीच. एका जिल्ह्यात दोन पाहिजेत.' 'अजिंठा-वेरूळ!' दोघांपैकी कोणालाही १९८३ पाठ नव्हतं. घारापुरीची लेणी यादीत आली ती १९८७ मध्ये, हेही माहीत असायची गरज पडली नाही. असा संवाद घडला की तो थांबवून बाकीच्या जोड्यांना पुन्हा ऐकवा.

मराठी माध्यमाच्या मुलांची एक अडचण ठरलेली आहे. स्पर्धा इंग्रजीत असली की 'प्रकाशसंश्लेषण' येणारं मूल 'फोटोसिंथेसिस' ऐकून गप्प बसतं. विज्ञान-भूगोलाच्या संज्ञांची मराठी-इंग्रजी जोडवही करा आणि नोव्हेंबरपासून निम्मे प्रश्न इंग्रजीत वाचा. इंग्रजीच्या शिक्षकांना वाचायला बोलवा, म्हणजे वेगळा आवाज आणि वेगळा वेगही सवयीचा होतो.

फेऱ्यांचे नियम

लेखी फेरीत सहसा वीस ते तीस प्रश्न असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत. तसं असेल तर एकही जागा कोरी सोडायची नाही. काही प्रश्नांवर तारांकन असतं. बरोबरी झाली तर ज्याचे तारांकित प्रश्न जास्त बरोबर तो पुढे जातो, म्हणून शेवटची तीन मिनिटं त्यांच्यावरच खर्च करा.

मंचावर हल्ली 'इन्फिनिट बाउन्स' ही पद्धत सर्रास चालते. पहिल्या संघाला प्रश्न गेला, नाही आला, दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे. चौथ्याने उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न पाचव्यापासून सुरू होतो. सगळ्यांना गुण सारखेच. जुन्या 'थेट आणि पास' पद्धतीत कच्च्या संघाच्या शेजारी बसणाऱ्याला आयते पास मिळत राहायचे, ते यात बरंचसं टळतं. अर्ध्यावर दिशा उलटी करतात.

त्यासोबत 'पाउन्स' असतो. आपली पाळी येण्याआधीच चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचं, बरोबर आल्यास १०, चुकल्यास उणे ५ (मोठ्या स्पर्धांत उणे १०), आणि त्या प्रश्नापुरतं बाउन्समधून बाहेर. मुलं इथे दोन टोकांना जातात; एक तर भीतीने चिठ्ठी देतच नाहीत, नाहीतर प्रत्येक प्रश्नाला देतात. गणित फळ्यावर मांडून दाखवा. प्रश्न आपल्यापर्यंत पोचणारच नसेल, तर +१०/−५ मध्ये तीनांत एकदा बरोबर येण्याइतकी खात्री असली की चिठ्ठी तोट्याची ठरत नाही. +१०/−१० मध्ये निम्मी खात्री लागते. प्रश्न आपल्यापासूनच सुरू होत असेल तर पाउन्स कशाला? तोंडी चुकलं तरी गुण जात नाहीत.

शाळेतल्या सरावात पहिल्या संघाला तीस सेकंद, पुढच्यांना दहा द्या. ते आधीपासून विचार करत असतातच. गुण प्रत्येक प्रश्नानंतर फळ्यावर एकूण करूनच लिहा, शेवटी बेरीज नको. आक्षेप पुढचा प्रश्न सुरू होण्याआधी घ्यायचा, तोही कर्णधारानेच. आडनाव पुरेसं धरायचं, पण दोघांत घोळ होत असेल तर 'आणखी नेमकं सांगा' म्हणायचं: नुसतं 'बोस' म्हणजे क्रेस्कोग्राफवाले जगदीशचंद्र की बोसॉनवाले सत्येंद्रनाथ?

बझर

उत्साही शाळा सुरुवात बझरने करते. तो सगळ्यात शेवटी घ्या; लेखी आणि बाउन्सच्या फेऱ्यांना चिठ्ठ्या पुरतात. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा) असेल तर मुलांकडूनच बनवून घ्या. चार संघांसाठी लागणारं सामान: आर्डुइनो ऊनोचा (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड) एक बोर्ड, पाच पुश बटणं (चार संघांची, एक रीसेटचं), चार एलईडी, २२० ओहमचे चार रेझिस्टर, एक छोटा बझर, प्रत्येक बटणासाठी तीन-चार मीटर दोनपदरी वायर. बटणाचं एक टोक ग्राउंडला, दुसरं इनपुट पिनला. बटण दाबलं की पिन 'लो', म्हणजे शून्य व्होल्टवर, होते. प्रोग्रॅमला एवढंच सांगायचं की पहिली 'लो' दिसली की तो एलईडी लाव, बाकीच्या पिना वाचणं बंद कर आणि रीसेटची वाट बघ.

बिघाड ठरावीकच होतात. पंखा किंवा ट्यूबलाइट लावताच कोणाचाही दिवा लागत असेल, तर लांब वायर गोंगाट पकडते आहे आणि बोर्डातला अंतर्गत पुलअप (बटण सुटं असताना पिन ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर) त्यासाठी अशक्त आहे. प्रत्येक इनपुट पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाका. दुसरा बिघाड माणसांचा. एखादा पठ्ठ्या प्रश्न सुरू व्हायच्या आधीच बटण दाबून धरतो, आणि रीसेट होताच त्याचा दिवा लागतो. चारही बटणं सुटल्याशिवाय रीसेट मानायचा नाही, अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घाला. वायर टेबलाच्या पायाला टाचून घ्या. नाहीतर पहिल्याच फेरीत कोणाचा तरी पाय अडकतो आणि सोल्डर निघतं.

बाहेर जाताना

पत्रक आलं की तीन गोष्टी फोन करून विचारा: संघात किती जण, वयाची अट इयत्तेवर की जन्मतारखेवर, आणि प्रश्नांची भाषा कोणती. ओळखपत्रं, बोनाफाइड दाखला, पालकांची संमतीपत्रं आणि मुख्याध्यापकांचं पत्र आदल्या दिवशी एका फाइलमध्ये. मुली असतील तर सोबत एक मॅडम. प्रत्येकाकडे दोन पेनं आणि कच्चा कागद, डबा आणि पाणी. लेखी फेरी सकाळी अकराला आणि अंतिम फेरी तीनला असते, आणि उपाशी पोरं तीन वाजता काहीही बोलतात.

गाडीत पुस्तकं उघडू देऊ नका. परतीच्या गाडीत मात्र वही काढायला लावा. आठवतील तेवढे प्रश्न, कोणी काय उत्तर दिलं, कुठे चिठ्ठी द्यायला हवी होती. त्या रात्रीनंतर निम्मे प्रश्न विसरले जातात. सोमवारी त्यांची कार्डं होऊन प्रश्नकार्डांच्या पेटीत पडली पाहिजेत, आणि जे न गेलेले आठ जण आहेत त्यांची पुढच्या सरावाची लेखी फेरी त्याच प्रश्नांवर घ्या.